दोन ओढ्यांमधलं राज्य आणि युरोपच्या नकाशातल्या इतर फटी

ओढ्याकाठचा

पोप चौथा युजीन याला पैशाची चणचण होती. बाझलच्या धर्मपरिषदेने त्याला पदच्युत ठरवून स्वतःचा वेगळा पोप बसवला होता, भांडण लांबत चाललं होतं आणि खजिन्यात खडखडाट. त्याने फ्लॉरेन्सकडून २५,००० सोन्याचे फ्लोरिन उचलले आणि तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातलं सान्सेपोल्क्रो हे गाव गहाण टाकलं. कर्ज काही फिटलं नाही. १४४१ मध्ये गाव रीतसर फ्लॉरेन्सकडे गेलं आणि नवी हद्द ठरवायला दोन्हीकडची माणसं बसली. कागदावर लिहिलं गेलं की हद्द 'रिओ' या ओढ्याने.

तिथे ओढे होते दोन. मधे अर्ध्या किलोमीटरचं अंतर, दोन्ही तायबरला मिळणारे, आणि दोन्हींना लोक रिओच म्हणायचे. फ्लॉरेन्सने आपल्या बाजूचा धरला, पोपच्या माणसांनी आपल्या बाजूचा. मधे उरली सुमारे ३३० हेक्टरची पट्टी आणि तिच्यात कोस्पाया नावाचं खेडं. ते कोणाच्याच वाट्याला आलं नाही. गावकऱ्यांनी हे हेरलं, आम्ही स्वतंत्र असं जाहीर केलं, आणि दोन्ही सरकारांनी ते चालवूनही घेतलं. ते चाललं थेट १८२६ पर्यंत. म्हणजे कोलंबस अजून जन्माला यायचा होता तेव्हापासून ते आपल्याकडे पेशवाई बुडून आठ वर्षं होईपर्यंत!

राज्यकारभार म्हणाल तर जवळपास नाहीच. राजा नाही, सैन्य नाही, तुरुंग नाही, कर नाही. घराघरातले कर्ते पुरुष आणि वडीलधारी मंडळी वालेंती नावाच्या मातब्बर घराण्याच्या घरी जमायची आणि काय ते ठरवायची. १७१८ पासून या बैठका चर्चमध्ये भरू लागल्या. त्या चर्चच्या दारावरच्या दगडी पट्टीवर लॅटिनमध्ये कोरलेलं वाक्य आजही वाचता येतं: 'पेर्पेतुआ एत फिर्मा लिबेर्तास', अढळ आणि चिरंतन स्वातंत्र्य. अडीच-तीनशे लोकवस्तीच्या गावाने हे दारावर कोरावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला तरी त्यांचा हा आगाऊपणा फार आवडतो.

नुसत्या स्वातंत्र्याने पोट भरत नाही. कोस्पायाचं नशीब उघडलं ते तंबाखूने. १५७० च्या दशकात सान्सेपोल्क्रोचा बिशप आल्फोन्सो तोर्नाबुओनी याला त्याच्या पुतण्याने तंबाखूचं बी पाठवलं. सुरुवातीला ते औषधी झाड म्हणून बागेत लावलं आणि बिशपच्याच आडनावावरून लोक त्याला 'तोर्नाबुओना' म्हणू लागले. पुढे सतराव्या शतकात चर्चची तंबाखूवर वक्रदृष्टी झाली (पोप आठव्या अर्बनने १६४२ मध्ये सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखू वापरणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करण्याची धमकी दिली होती), आणि सरकारांना तिच्यावरच्या कराची गोडी लागली. कोस्पायात पोपचा हुकूम नाही आणि फ्लॉरेन्सच्या ड्यूकचा करही नाही. शेतंच्या शेतं तंबाखूची झाली. पाठोपाठ व्यापारी आले, गोदामं आली, कर्जबुडवे आणि फरारी आले. दोन ओढ्यांमधली अर्धा किलोमीटर जागा म्हणजे चोरट्या मालाची पेठ झाली.

शेवटही मजेशीर आहे. १८२६ मध्ये पोप बारावा लिओ आणि टस्कनीचा (म्हणजे फ्लॉरेन्सच्या राज्याचा) ग्रँड ड्यूक दुसरा लिओपोल्ड यांनी एकदाचा हा घोळ मिटवायचं ठरवलं. गावाच्या १४ प्रतिनिधींनी शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या. मोबदला म्हणून चांदीचं एकेक नाणं मिळालं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत तंबाखूची झाडं लावायची परवानगी. त्या नाण्यावर मला हसू येतं, पण परवानगीबद्दल मात्र मी गावकऱ्यांना मानतो. सार्वभौमत्व गेलं, धंदा राहिला.

असे आणखी किस्से कोणाला ठाऊक असतील तर टाका. एका शब्दाच्या चुकीने जन्मलेली, कोणाच्याच मालकीची नसलेली किंवा दोघांच्या मालकीची ठिकाणं. अट एकच, आजकाल कोणी घराच्या गच्चीवर झेंडा लावून काढलेले 'देश' नकोत.


पाऊणवाटी

भारी धागा! चहा गार झाला वाचता वाचता.


बाराखडी

किस्सा छान सांगितलात, पण 'चूक' या शब्दाला माझी हरकत आहे. चूक असती तर पुढच्या वर्षी चार माणसं पाठवून दुरुस्त केली असती. एक बाजू म्हणाली असती हा ओढा, दुसरी म्हणाली असती तो, आणि फार तर मधोमध खुंट्या ठोकल्या असत्या. जवळजवळ चारशे वर्षं कोणी खुंटी ठोकत नाही याचा अर्थ ती न ठोकण्यात दोघांनाही सोय वाटत होती. ३३० हेक्टरसाठी पोपशी नव्याने वाटाघाटी उकरून काढायला फ्लॉरेन्सला वेळ नव्हता, आणि पोपलाही नव्हता. पुढे तंबाखू आल्यावर तर दोन्हीकडच्या शौकिनांना स्वस्त माल हवाच होता. सरकार कर लावतं आणि सरकारातलाच माणूस कर चुकवलेला माल ओढतो, यात नवल ते काय?

चूक पहिल्या दिवशी झाली असेल. दुसऱ्या दिवसापासून ती सोय होती.


ओढ्याकाठचा

@बाराखडी, 'सोय' म्हणालात ते पटतं, पण अर्धंच. १८२६ मध्ये ती मिटवली कारण तोवर दोन्हीकडे जकात वसूल करणारी नोकरशाही उभी राहिली होती आणि गळती डोळ्यांवर येऊ लागली होती. पंधराव्या शतकात हद्द म्हणजे ढोबळ कल्पना होती, काठीने आखलेली रेघ नव्हे. त्यामुळे त्या वेळी दुरुस्तीची गरजच कोणाला वाटली नसेल. हेतुपुरस्सर ठेवलेल्या फटीचं उदाहरण हवं असेल तर मोरेस्नेट घ्या. कोणी लिहिणार आहे का? नाहीतर मी लिहितो.


जस्तफूल

मोरेस्नेट माझ्यावर सोडा. जर्मनीतल्या आखेनमध्ये शिकायला होते तेव्हा तिथे बरीच भटकले आहे.

नेपोलियन पडल्यावर १८१५ मध्ये व्हिएन्नाला युरोपची वाटणी झाली. प्रशिया आणि नेदरलँड्स यांच्या हद्दीवर केल्मिस नावाचं गाव होतं आणि गावात जस्ताची मोठी खाण. साधी खाण नव्हे. त्या काळी युरोपात खनिजापासून जस्त काढणं अवघड काम होतं. लिएजच्या डोनी नावाच्या माणसाला ते जमलं आणि या खाणीचा परवाना त्याला नेपोलियनने दिला होता. त्याने नेपोलियनला जस्ताचं आंघोळीचं टब भेट दिलं. ते लिएजच्या संग्रहालयात आहे. आकाराने छोटंच आहे, बादशहा गुडघे दुमडून बसत असणार.

तर ही खाण दोघांनाही हवी. शेवटी १८१६ मध्ये आखेनच्या तहात ठरलं की खाणीभोवतीचा साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कोणाचाच नाही, दोघांनी मिळून बघायचा. १८३० नंतर नेदरलँड्सच्या जागी बेल्जियम आला. सुरुवातीला, १८१५ मध्ये, तिथे २५६ माणसं होती. १९१४ मध्ये ४,६६८. का वाढली? कर कमी, बाहेरून येणारा माल स्वस्त आणि सुरुवातीला सक्तीची लष्करभरती नाही. कायदा मात्र नेपोलियनच्या काळचाच राहिला, कारण तो बदलायचा तर दोन्ही सरकारांचं एकमत व्हायला हवं आणि ते कधी होईना. पोलीस एकच. दारूच्या भट्ट्या भरपूर.

१८८५ मध्ये खाण संपली. आता गावाने करायचं काय? इथे विल्हेल्म मॉली येतो, खाण कंपनीचा डॉक्टर. आधी त्याने गावाची स्वतःची टपाल तिकिटं काढून पाहिली, ती लगेच बंद पाडली गेली. १९०३ मध्ये जुगारगृह काढायचा बेत झाला, तोही बारगळला. मग १९०८ मध्ये त्याने आणि एस्पेरांतो (सगळ्या जगासाठी म्हणून रचलेली कृत्रिम भाषा) वाल्यांनी मिळून ठरवलं की हे एस्पेरांतो बोलणारं जगातलं पहिलं राज्य करायचं, नाव 'आमिकेयो', म्हणजे मैत्रीचं ठिकाण. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. राष्ट्रगीताची चाल होती 'ओ टॅनेनबाउम' या जर्मन नाताळगीताची! मोठी सभा भरली, भाषणं झाली.

१९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं आणि पुढच्याच वर्षी मोरेस्नेट प्रशियाला जोडून टाकलं. व्हर्सायच्या तहाने १९२० मध्ये ते बेल्जियमकडे गेलं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे, १९४४ मध्ये पुन्हा बेल्जियमकडे. एखाद्या म्हातारीने घराचा उंबरठा न ओलांडता किती देश पाहिले असतील, तुम्हीच मोजा.

मी जे पाहिलं ते असं: रानात गवतात बुडालेले हद्दीचे दगड, आणि जुन्या खाणीजवळच्या माळावर छोटी पिवळी फुलं. जमिनीत जस्त इतकं मुरलंय की इतर झाडं कष्टाने जगतात, पण ही व्हायोलेटची जात तिथेच फोफावते.


चिंचेचा_कोळ

दारूच्या भट्ट्या भरपूर आणि पोलीस एक. रिटायर झाल्यावर कुठे जायचं ते ठरलं, फक्त शंभरेक वर्षं उशीर झाला.


मावळतीचा_वारा

जस्तफूल ताई, फारच सुरेख. एक शंका. पोलीस एकच असताना खून-मारामाऱ्या झाल्या तर खटला कुठे चालायचा?


जस्तफूल

गावात न्यायालय नव्हतं. खटले आखेनला किंवा बेल्जियममधल्या व्हेर्व्हियेला चालत, पण निवाडा त्या जुन्या फ्रेंच कायद्याने.


घाटपांडी

हाच प्रश्न कोतो मिश्तोबद्दलही पडतो. पोर्तुगाल आणि स्पेनच्या गॅलिशिया प्रांतामधल्या डोंगरात सांतियागो, रुबियास आणि मेआउस अशी तीन खेडी. मध्ययुगापासून दोन्ही राजांचा त्यांच्यावर धड ताबा नाही. ही माणसं स्वतःचा न्यायाधीश निवडून देत. त्याच्या मदतीला प्रत्येक गावातून निवडलेली माणसं. फरारी माणसाने इथे आसरा घेतला तर त्याला पकडायला बाहेरचे शिपाई येऊ शकत नसत, पण खुन्याला हा आसरा नव्हता. कर नाही, लष्करभरती नाही, आणि ओढ्याकाठच्यांना आनंद होईल, तंबाखू लावायलाही मोकळीक!

दोन गोष्टी मला विशेष वाटतात. सांतियागोच्या चर्चमध्ये एक लाकडी पेटी होती, तिला तीन कुलुपं. किल्ली प्रत्येक गावाकडे एक. सनदा आणि कागदपत्रं त्या पेटीत. तिन्ही गावं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. आपल्याकडे भाऊबंदकीत जे कधी जमत नाही ते या डोंगरी खेड्यांना जमलं होतं.

दुसरी गोष्ट वाटेची. कोतोपासून पोर्तुगालच्या तोरें गावापर्यंत साधारण ६ किलोमीटरची एक वाट होती. त्या वाटेवर असलेल्या माणसाला कोणत्याही देशाच्या जकातवाल्याने हात लावायचा नाही आणि मालही जप्त करायचा नाही. वाटेवरून पाऊल बाहेर पडलं की संपलं. आता विचार करा, वाटेच्या कडेला जकातवाला दबा धरून बसलाय आणि मिठाची गोणी लादलेलं गाढव नेमकं कडेच्या गवताकडे वळतंय.

१८६४ च्या लिस्बन कराराने हे संपलं. तिन्ही गावं स्पेनला गेली.


बाराखडी

पाहा, कोतो मिश्तो म्हणजे माझाच मुद्दा. इथे तर चुकीचा ओढाही नाही. दोन राजे, दोघांनाही डोंगर नको, गावकऱ्यांना दोघेही नकोत.


उपरण्याचं_टोक

फेजंट बेट राहिलंच की. फ्रान्स-स्पेनच्या हद्दीवर बिदासोआ नदीत जेमतेम २०० मीटर लांबीचं बेट. दोन्ही देशांचं युद्ध संपवणारा पिरेनीजचा तह १६५९ मध्ये याच बेटावर झाला आणि पुढच्या वर्षी चौदाव्या लुईची नियोजित वधू मारिया तेरेसा हिला इथेच फ्रेंचांच्या हवाली केलं. स्पेनच्या बाजूच्या मंडपाच्या सजावटीची जबाबदारी कोणावर? चित्रकार व्हेलाझ्केझवर. राजवाड्याच्या व्यवस्थेचं पद त्याच्याकडे होतं. त्या दगदगीनंतर दोन महिन्यांत तो गेला. एवढ्या मोठ्या कलावंताला शेवटी लग्नघरातली कामं करायला लावली, याचा मला अजून राग येतो.

आता गंमत अशी की हे बेट आजही दोघांचं आहे, पण एकाच वेळी नाही. १ फेब्रुवारी ते ३१ जुलै स्पेनचं, १ ऑगस्टपासून ३१ जानेवारीपर्यंत फ्रान्सचं. सहा महिने सासरी, सहा महिने माहेरी. वस्ती शून्य. मधे एक स्मारकाचा दगड, बाकी झाडं आणि कापलेलं गवत.

त्याच तहाचं आणखी एक पिल्लू म्हणजे यीव्हिया. सेर्दान्या खोऱ्यातली ३३ खेडी फ्रान्सला द्यायची ठरली. १६६० मध्ये गावांची यादी करताना स्पॅनिश बाजूने सांगितलं की यीव्हिया हे खेडं नाहीच, राजाच्या सनदेने त्याला नगराचा दर्जा आहे. म्हणून ते वगळलं. आजही नकाशा पाहा, चहूबाजूंनी फ्रान्स आणि मधे साडेबारा-तेरा चौरस किलोमीटर स्पेन. ज्याने कोणी ती सनद वेळेवर बाहेर काढली त्याला माझा दंडवत.


डच_डोसा

आता माझी पाळी. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहतो, तिथून बेल्जियमच्या हद्दीवरचं बार्ले गाव तासाभराच्या अंतरावर. पाहुणे आले की त्यांना ट्युलिप दाखवायच्या आधी मी बार्लेला नेतो.

११९८ मध्ये ब्राबांटचा ड्यूक आणि ब्रेडाचा सरदार यांच्यात जमिनींची देवाणघेवाण झाली. कोणती शेतं कोणाची यावरून जी वाटणी पडली तीच पुढे दोन देशांची हद्द झाली. आज नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे २२ तुकडे आहेत, आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे ७. हद्द शेवटची पक्की झाली ती १९९५ मध्ये!

फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांची रांग असते, एका बाजूला 'बी', दुसऱ्या बाजूला 'एनएल'. रांग दुकानाच्या काचेखालून आत शिरते आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडते. घराचा मुख्य दरवाजा ज्या देशात, ते घर त्या देशाचं. रेघ नेमकी दरवाज्याच्या मधून जात असेल तर दारावर दोन घरक्रमांक, दोन झेंड्यांसकट. नियम सोयीचा नसला तर लोकांनी दरवाजाच सरकवल्याच्या गोष्टी गावात सांगतात.

२०२० मध्ये कोरोनात तर कहर झाला. बेल्जियममध्ये दुकानं बंद, नेदरलँड्समध्ये चालू. एका कपड्याच्या दुकानातून हद्द जाते, तिथे मधोमध पट्टी लावली होती. पायजमे घ्या, पण पलीकडच्या रॅकवरचे टॉवेल नाहीत.

पहिल्या महायुद्धात मात्र हा विनोद नव्हता. बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात, पण बार्लेतले बेल्जियमचे तुकडे तटस्थ नेदरलँड्सने वेढलेले. तिथे पोचायचं तर नेदरलँड्स तुडवून जावं लागणार, म्हणून जर्मन गेलेच नाहीत. बेल्जियमने १९१५ मध्ये तिथे बिनतारी केंद्र उभारलं आणि शत्रूच्या हालचालींच्या बातम्या पाठवल्या. तिकडे दक्षिणेला मुख्य हद्दीवर जर्मनांनी २००० व्होल्टची तारेची कुंपणं घातली होती. ओलांडताना शेकडो माणसं मेली.


पाऊणवाटी

दरवाजा सरकवायची कल्पना आमच्या सोसायटीत कोणाला सांगू नका, पार्किंगवरून आधीच दोन तट आहेत.


तेरेखोलकर

आपल्याकडे लांब जायला नको. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, तीन बाजूंना महाराष्ट्र आणि नदी-समुद्र, पण किल्ला गोव्याचा, पेडणे तालुक्यातला. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि हद्द तिथेच गोठली. गोव्याच्या बाजूने केरीहून फेरीने नदी ओलांडायची, नाहीतर सिंधुदुर्गातून रेडीकडून गाडीने. रेडीकडून जाताना राज्य कुठे बदललं ते कळतही नाही, दारूच्या दुकानाच्या पाटीवरून अंदाज बांधायचा. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता.


बाराखडी

तेरेखोलकर, मग दादरा-नगर हवेलीही हवीच, कारण ती भानगड थेट हेगला गेली. पेशव्यांनी १७७९ च्या तहाने पोर्तुगीजांना तिथल्या गावांचा १२,००० रुपयांचा वसूल लावून दिला. १९५४ मध्ये गावं पोर्तुगीजांच्या हातून गेली, तेव्हा पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला की आम्हाला दमणहून तिथे जायची वाट द्या. १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांचा तह आणि सनदा तपासून म्हटलं की मराठ्यांनी दिला तो फक्त महसुलाचा हक्क, सरंजाम म्हणून. सार्वभौमत्व दिलं नव्हतं. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मानली होती, त्यामुळे खासगी माणसांना आणि सामान्य मालाला वाटेचा हक्क होता. सैन्याला, हत्यारी पोलिसांना नव्हता. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली त्यात बेकायदेशीर काही नव्हतं, असाही निर्वाळा दिला. नाना फडणवीसाच्या काळातला कागद डच शहरात वकिलांनी उलटसुलट वाचला, हे चित्र मला कोस्पायाहून कमी गमतीचं वाटत नाही.


ओढ्याकाठचा

हे खरंच माहीत नव्हतं. धागा सुफळ झाला.


दर्यावर्दी

उशिरा आलो, एक बेट टाकतो. बाल्टिक समुद्रात स्वीडन आणि फिनलंडच्या मधे मेर्केट नावाचा खडक, हद्द त्याच्या मधोमध. १८८५ मध्ये फिनलंडवर राज्य करणाऱ्या रशियनांनी तिथे दीपगृह बांधलं, आणि ते उभं राहिलं स्वीडनच्या अर्ध्यात. शंभर वर्षं तसंच चालू. १९८५ मध्ये हद्द बदलून दीपगृह फिनलंडमध्ये घेतलं, पण दोन्ही देशांचं क्षेत्रफळ तेवढंच राहायला हवं आणि मासेमारीचे हक्क बिघडू नयेत म्हणून किनाऱ्यावरची टोकं हलवायची नाहीत. मग आतल्या आत रेघ अशी वळवली की ती उलट्या 'एस'सारखी दिसते. खडकाची लांबी ३५०-४०० मीटर, आणि त्यावर जगातली बहुधा सगळ्यात वेडीवाकडी आंतरराष्ट्रीय हद्द.


चिंचेचा_कोळ

दीपगृह हलवण्यापेक्षा देश हलवणं स्वस्त पडलं म्हणायचं.


जस्तफूल

जाता जाता सायकलवाल्यांसाठी. आखेनहून फेनबान नावाचा जुना रेल्वेमार्ग निघतो. व्हर्सायच्या तहानंतर रुळांखालची जमीन बेल्जियमला मिळाली, आजूबाजूची काही गावं मात्र जर्मनीतच राहिली. त्यामुळे रुळाच्या पलीकडची जर्मन वस्ती बेल्जियमने कापून वेगळी पडली. असे ५ तुकडे अजून आहेत, त्यातला एक जेमतेम दीड हेक्टरचा. गाड्या कधीच्या बंद झाल्या, रूळ गेले, तरी तो पट्टा बेल्जियमचाच. आता तिथे सायकलमार्ग आहे, लक्झेंबर्गपर्यंत १२५ किलोमीटर. चढ अगदी हलके, कारण आगगाडीसाठी आखलेली वाट. फक्त फोनचं रोमिंग तपासून जा, 'स्वागत आहे'चे मेसेज येत राहतात.


डच_डोसा

@जस्तफूल, मे महिन्यात जमेल का? इथून आम्ही तिघं येतो.


जस्तफूल

मी आता पुण्यात आहे हो. पण मार्गाचा नकाशा खासगी निरोपातून पाठवते. मोंशाऊला मुक्काम करा, आणि पावसाचा कोट घ्याच.